कच्चं कास्टिंग

राजारामपुरीत मुजावरच्या काउंटरवर तीन डबे,
पावकिलो पेढ्यांच्या खोक्याएवढे.
"ह्यात काय काय नाही ते आधी सांगतो, बाई," तौफिक म्हणाला.
"रॅम नाही. डिस्क नाही. विंडोज नाही.
कीबोर्ड-माऊस तर नाहीच नाही.
नुसता सांगाडा. बेअरबोन म्हणतात."

मी फाउंड्रीत बिलं करते, एकोणीस वर्षं.
जे आलं नाही त्याचे पैसे द्यायचे नसतात,
एवढा हिशोब पहिल्या दिवसापासून येतो.

टेबलाखालचा जुना कॅबिनेट
उद्यमनगरची काळी वाळू श्वासाबरोबर ओढतो.
दर दिवाळीला रंगाच्या ब्रशनं त्याचा पंखा झाडते,
ओंजळभर निघते.
हल्ली तो टॅली उघडेपर्यंत
चहा येतो, पिऊन होतो, पोरगा कप घेऊन जातो.
थंडीत मात्र त्याच्या अंगाला पाय टेकून बसते.
हे कोटेशनमध्ये लिहिलं नाही.

भूपालअण्णांनी कागद दोनदा वाचला.
"बावीस हजार? आन् आत काईच न्हाई?
रिकामा डबा आणला म्हणून हसतील की लोकं."
मी म्हटलं, अण्णा, आपण पंपाची बॉडी कशी पाठवतो?
कच्ची. भोकं नाहीत, आटे नाहीत.
मशिनिंग घेणारा करतो, त्याच्या मापानं.
अर्धवट आली म्हणून परत पाठवली का कुणी?

अण्णांनी चष्मा कपाळावर सारला,
शेकआउटचा दणदणाट ऐकत बसले.
मग, "आन् ह्येचं मशिनिंग कोण करणार?"
"मी करतो की."
घरची बोली. तोंडातून निसटली.

पहिला डबा देखणा, आरशासारखा,
पण त्याला पंखा. म्हणजे वाळूला आवतण.
दुसऱ्यावर गेम पळतात म्हणे.
आमच्या हापिसात खेळ एकच,
पार्टीला उधारी आठवण करून द्यायचा,
त्याला फोन पुरतो.
तिसरा जाड, खडबडीत, पंखाच नाही,
अंगभर पन्हाळी पत्र्यासारख्या पट्ट्या
आणि पाठीमागे नऊ पिनांचं ते जुनं तोंड.
"हे पोर्ट आता कुणी विचारत नाही, बाई."
"आमचा वजनकाटा विचारतो."

रॅमची आठची एकच पट्टी घेतली,
दुसरी खाच मोकळी, पुढच्या वर्षाच्या नफ्यावर.
विंडोज पक्क्या बिलानं.
अण्णांच्या मेहुण्याचा पोरगा फुकटात टाकून देतो म्हणाला,
मी त्याला सरबत दिलं आणि वाटेला लावलं.

सोमवारी उद्यमनगर बंद.
भट्टी थंड, फक्त वॉचमन पांडूमामांचा रेडिओ.
खाली वर्तमानपत्र अंथरलं,
चार स्क्रू बशीत काढून ठेवले.
पट्टी तिरकी धरून खाचेत दाबली:
कट्.
अंगठ्याला कळलं, बसली.
डिस्क, तिचा एवढासा स्क्रू, दोनदा हरवला,
दोन्ही वेळा साडीच्या निऱ्यांत सापडला.

बटण दाबलं. काहीच नाही.
ना घरघर, ना वारा.
मेला, म्हटलं. बावीस हजार.
अण्णांचा चेहरा, मेहुण्याचा पोरगा, सगळे समोर.
तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली, आवाज न करता,
चप्पल दारात काढून आलेल्या माणसासारखी.

संध्याकाळी काट्याची केबल जोडली.
वजन करायला दुसरं काही हाताशी नव्हतं,
म्हणून पांडूमामांना हाक मारली,
जुना कॅबिनेट दोघांनी उचलून पाटावर ठेवला.
नव्याच्या पडद्यावर आकडा थरथरला, थांबला:
नऊ किलो चारशे.

त्यात वाळू किती, ते वेगळं काढलं नाही.